पंचवीस शब्दांची जुडी

ती डिक्शनरी झटकायला नको होती. पस्तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालो, पुस्तकं शाळेच्या लायब्ररीला देऊन टाकावीत म्हणून गठ्ठे बांधायला बसलो. जाड डिक्शनरीवर धूळ होती, म्हणून ती उलटी धरून आपटली, आणि तिच्यातून चौघडी केलेला एक फॉर्म खाली पडला. कोपऱ्यात टाचणीनं लावलेला फोटो. टाचणी गंजून फोटोच्या कडेला तांबडा डाग पडलेला. फोटोत माझी थोरली बहीण, आक्का. वय वर्षं तेहतीस, डोक्यावर पदर, आणि फोटोवाल्यानं हसू नका म्हणून बजावल्यावर माणूस जसं ओठ दाबून बसतं, तसे दाबलेले ओठ. खाली सही. इंग्रजीत. एकेक अक्षर सुटं, पण ओळ सरळ.

दहावीला बाहेरून बसण्याचा तो फॉर्म. तीस वर्षांपूर्वी तो आमच्या शाळेच्या ऑफिसात जायचा होता. तो माझ्या डिक्शनरीत राहिला, आणि राहिला म्हणजे मीच ठेवला. इकडं बेळगावच्या शहापुरात शेजारच्या घरी अजून एक माग चालतो. त्याची खटखट ऐकत मी फरशीवर किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. फॉर्म नाकाला लावून बघितला. तीस वर्षांनी वास कुठला राहतोय. तरी मला तंबाखूचा वास आलाच.

कसं झालं ते सांगणारच आहे. पण थेट तिथं जायला पाय उचलत नाही, म्हणून आधी निपाणीला जातो.

आमचं घर निपाणीत वखारींच्या मागच्या गल्लीत. तंबाखूच्या दिवसांत हवाच अशी असायची, की पाहुणा गल्लीत शिरला की आधी शिंकायचा आणि मग राम राम म्हणायचा. आम्हाला कुणाला शिंक यायची नाही. वखारीत पोत्यांची थप्पी हलली की उन्हात पिवळसर भुकटी तरंगायची, ती दोरीवरच्या कपड्यांवर बसायची, पाण्याच्या हंड्यावर झाकण नसेल तर पाण्यावर बसायची. चिंच खाल्ली तरी जिभेवर आधी तंबाखू, मग चिंच. विडीची पानं रात्री भिजत घातलेली असायची, आणि सकाळी ती ओल्या फडक्यातून काढली की सोपाभर एक ओला, तुरट वास सुटायचा. मला अजून झोपेत तो वास येतो.

त्या पुढच्या सोप्यात आक्का आणि शेजारच्या ताराकाकू मांडीवर सुपं घेऊन विड्या वळायच्या. आक्का सातवीपर्यंत शिकली, पोरींच्या शाळेत तेव्हा इंग्रजी नव्हतं, आणि मग सुपाशी बसली. का बसली, आई कधी गेली, आप्पांचं काय झालं, हे मी लिहीत नाही. ते सगळ्या गल्लीचं सारखंच होतं. आक्का चौदा वर्षांची आणि मी दहाचा, एवढं पुरे. मी पाचवीत गेलो आणि इंग्रजी सुरू झालं. आमच्या गुरुजींची एक पद्धत होती. प्रत्येकानं एक अर्थांची वही करायची. डावीकडं एक इंग्रजी शब्द आणि उजवीकडं त्याचे सापडतील तितके अर्थ. एका अर्थावर थांबलेल्या पोराला ते पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर पाठवायचे.

पाठांतर मोठ्यानं करायचं, हा तेव्हाचा कायदा. मी सोप्यात वही घेऊन ओरडायचो आणि या दोघी ऐकायच्या. विडी वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे. सहा महिन्यांत वही मला कमी आणि आक्काला जास्त पाठ झाली. राइट म्हणजे बरोबर, राइट म्हणजे उजवा, राइट म्हणजे हक्क. ताराकाकू डावखुऱ्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, की उजवा तेवढा बरोबर, मग डाव्या हातानं वळलेल्या माझ्या विड्या चुकीच्या की काय? मुकादम तर आजवर काही म्हणाला नाही. काइंड म्हणजे दयाळू आणि काइंड म्हणजे प्रकार, हे ऐकून आक्का म्हणाली, दयाळू माणूस हा एक प्रकारच की, रोज कुठं बघायला मिळतोय. फाइन म्हणजे छान, फाइन म्हणजे बारीक, फाइन म्हणजे दंड. छान आणि बारीक आम्हाला पटलं, कारण तंबाखू बारीक असला की छानच असतो. दंडाचं मात्र कुणाला पटेना.

सगळ्यात जास्त हसलो ते ‘आय ॲम अफ्रेड’ला. मला भीती वाटते, हा झाला सरळ अर्थ. पण गुरुजींनी सांगितलं होतं, की इंग्रज माणसाला नाही म्हणायचं असलं की तो आधी आय ॲम अफ्रेड म्हणतो. उद्या यायला जमणार नाही, आय ॲम अफ्रेड. उसनं देता येत नाही, आय ॲम अफ्रेड. आक्का पोट धरून हसली. एवढं आपल्यावर राज्य केलं, आणि नाही म्हणायला भ्यायचे होय, म्हणाली. मग महिनाभर सोप्यात तेच चाललं. चहा देतेस का? आय ॲम अफ्रेड, दूध न्हाई.

पुढं एक रीतच पडून गेली. जुडी पंचवीस विड्यांची. आक्का विड्या आकड्यांनी मोजायची बंद झाली आणि शब्दांनी मोजायला लागली. एक विडी, एक शब्द, त्याचे सगळे अर्थ. दोऱ्याचा शेवटचा वेढा बसेपर्यंत अर्थ संपले पाहिजेत. पंचवीस शब्द झाले की जुडी बांधायची. एकदा ताराकाकूंची जुडी कारखान्यातून परत आली, विड्या चोवीसच भरल्या. काकू मुकादमाला म्हणाल्या, त्यात ‘वेल’ म्हणायचा ऱ्हायला असंल. मुकादमाला काय कळणार? आम्ही मात्र तीन दिवस हसत होतो.

आणि मी? मी सोप्याच्या पायरीवर बसून गुरुजी झालो होतो. आक्काची जीभ ‘वर्ल्ड’ला अडखळायची, मधला एक आवाज गिळायची. मी म्हणायचो, “पुन्हा म्हण.” ती पुन्हा म्हणायची. “पुन्हा म्हण.” ती मान खाली घालून विडी वळत पुन्हा म्हणायची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मला न्हाऊ घालणारी, माझ्या शर्टाला बटण लावणारी बहीण. मी तिला वीस-वीसदा म्हणायला लावायचो आणि मला त्यात मजा यायची. हे आज लिहिताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

कॉलेजला मी बेळगावला आलो. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात एका मुलानं माझी वही घेतली आणि नाकाशी नेऊन विचारलं, की तुझ्या घरी कोण ओढतं रे? माझ्या वह्या-पुस्तकांना, पांघरुणाला, आक्कानं बांधून दिलेल्या लाडवांनासुद्धा तंबाखूचा वास होता आणि मला तो माहीत नव्हता. त्या दिवशी मी पांघरूण तीनदा धुतलं. लाडू खाल्ले नाहीत, आणि कुणाला दिलेही नाहीत. नंतर कुणी घरचं विचारलं की मी इंग्रजीत सांगायचो, वुई आर इन टोबॅको. खोटं काय होतं त्यात? ऐकणारा मनाशी वखारी बांधायचा, मुनीम बसवायचा. एका वाक्यात दोन अर्थ कसे बसवायचे, हे मी सोप्यातच शिकलो होतो.

शिकलो, बेळगावातच एका शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. स्टाफरूममध्येही तेच वाक्य चाललं. टोबॅकोवाले सर. कुणी म्हणायचं, मग नोकरी कशाला करता हो, आणि मी नुसता हसायचो. दर महिन्याला आक्काचं पत्र यायचं, मराठीत. शेवटी मात्र एक इंग्रजी शब्द, मोठ्या अक्षरात. अक्षरं ती गल्लीतल्या पोरींच्या पुस्तकावरून शिकली होती. कानानं पाठ केलेले सगळे शब्द डोळ्यांनी ओळखायला तिला दोन वर्षं लागली, असं तिनंच एकदा लिहिलं होतं. मी त्या पत्रात लाल शाईनं एक चूक दुरुस्त केली आणि पत्र परत पाठवलं. पाठवलं खरंच. आता काय बोलायचं!

आणि मग तिनं ठरवलं, की दहावीला बसायचं. तेहतिसाव्या वर्षी. निपाणीलाच का बसली नाही? कारण भाऊ बेळगावला मास्तर. त्याच्याच शाळेत बाहेरून बसणाऱ्यांचे फॉर्म घेतात आणि परीक्षेचं केंद्रही तिथंच. तिनं लिहिलं होतं, की तू हाईस म्हटल्यावर मला भ्या न्हाई, परीक्षेपुरती तुझ्या खोलीत राहीन, तुझं जेवणखाणही होईल.

ती एका दुपारी न सांगता आली. मी वर्गावर होतो. ऑफिसात हिरेमठ म्हणून क्लार्क होते, घरचं बोलणं कानडी, आमच्याशी मोडक्या मराठीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, फॉर्म दिला, कुठं काय भरायचं ते पेन्सिलीच्या खुणा करून दाखवलं. सातवीच्या दाखल्याची खरी नक्कल तेवढी राहिली होती. तीही सरांकडून आली की मी लगेच घेतो, म्हणाले. निरोप आला म्हणून मी तास अर्धवट सोडून आलो, तर आक्का ऑफिसाच्या दारात उभी. इस्त्रीची जांभळी साडी, हातात फॉर्म, आणि बोटांच्या पेरांवर तो काळपट रंग, जो कशानं धुतला तरी जात नाही. हिरेमठ मला म्हणाले, “सर, तुमच्या अक्का इंग्लिश बोलतात हो. मला गुड आफ्टरनून म्हणाले. एकदम छान.”

त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. मला आज ते स्पष्ट दिसतं. तेव्हा मात्र मला ती थट्टा वाटली.

मधली सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. घंटा झाली की स्टाफरूम भरणार होती. आक्का इकडंतिकडं बघत होती आणि तिला एकच विचारायचं होतं, की मी कुठल्या खोलीत बसंन? खोली दाखव की रं. मी म्हटलं, नंतर दाखवतो. फॉर्म आणि दाखला माझ्याकडं दे, नक्कल जोडून मी देतो, तू जा, गाडी चुकंल. तिला फाटकापर्यंतही सोडायला गेलो नाही. ती पटांगण ओलांडून गेली आणि घंटा झाली. मला सुटल्यासारखं वाटलं. स्वतःच्या बहिणीला हाकलून माणसाला सुटल्यासारखं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

नक्कल तर दुसऱ्याच दिवशी मिळाली. फॉर्म माझ्या पिशवीत होता. ऑफिस स्टाफरूमपासून वीस पावलांवर. रोज ठरवायचो, आणि रोज डोळ्यांपुढं तेच यायचं: परीक्षेच्या खोलीत पंधरा-पंधरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत जांभळ्या साडीतली आक्का, आणि पर्यवेक्षक म्हणून दारातून आत येणारे माझेच सहकारी. ती त्यांना गुड मॉर्निंग म्हणणार. सरांची बहीण मी, असं सांगणार. विचारलं तर, निपाणीत विड्या वळते, हेही सांगणार. ती कुठं कधी काय लपवायची? शेवटच्या दिवशी हिरेमठ स्वतः स्टाफरूमच्या दाराशी आले. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, की अक्कांचा फॉर्म आला नाही अजून, मी यादी दोन दिवस थांबवतो, पण सर, त्यापुढं माझ्या हातात नाही. दोन दिवस त्या माणसानं माझ्या बहिणीसाठी यादी थांबवली. मी फॉर्म डिक्शनरीत घातला आणि डिक्शनरी कपाटात सर्वांत खाली ठेवली.

पुढच्या रविवारी निपाणीला गेलो. वाटेत गाडीत सांगायचं काय ते जुळवलं. आणि बघा, आमच्या या सीमेवर खोटं बोलायला फार डोकं लागत नाही. एक खोटं इथं तयारच असतं, नुसतं उचलायचं. मी सोप्यात टेकलो आणि म्हटलं, “फॉर्म घेतला न्हाई आक्का. तो कानडी क्लार्क तुझ्यासमोर गोड बोलला आन मागनं अडून बसला. मराठी शाळेचा दाखला चालत न्हाई, सगळं कानडीत आणा म्हणतो. चारदा त्याच्या टेबलाशी गेलतो. दर खेपेला नाळे बन्नी, नाळे बन्नी. उद्या या, उद्या या करत तारीख घालवली त्यानं.”

कुणी एक शंका विचारली नाही. कशाला विचारतील? गल्लीत प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या ऑफिसात कुणीतरी कधीतरी नाळे बन्नी म्हटलं होतंच. ताराकाकूंनी त्या क्लार्कच्या सात पिढ्या काढल्या. शेजारपाजारचे गोळा झाले, प्रत्येकानं आपापली हकिगत सांगितली, आणि मी मधोमध बसलो होतो, बहिणीसाठी चार हेलपाटे घातलेला भाऊ म्हणून. आक्कानं हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला आणि म्हणाली, “असूदे. तू तरी किती पळणार, बाळू. तोंड उतरलंय तुझं.” मग आत जाऊन तिनं मला गरम भाकरी करून वाढली. वर लोणी. मी खाल्ली. घास अडकला वगैरे काही झालं नाही. दोन भाकरी खाल्ल्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. आक्काला कानडीची हौस होती. बाजाराला खेड्यावरून ताकवाली यायची, चिकोडीकडची. तिच्याशी आक्का मोडकंतोडकं कानडी बोलून दोघी हसायच्या. माझ्या त्या रविवारनंतर आक्का तिच्याशी मराठीतच बोलायला लागली, आणि मग ताकच घेईनाशी झाली. पत्राच्या शेवटी येणारा इंग्रजी शब्दही थांबला. पुन्हा कधी तिनं फॉर्मचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. शाळेत हिरेमठांनी एकदा विचारलं, अक्का कशा आहेत? मी म्हटलं, फाइन.

पुढं सगळं रीतसर झालं. नोकरी, लग्न, मुलगा, शहापुरातलं घर. शाळेत मी ‘सॉरी’ या एका शब्दावर अख्खा तास घ्यायचो. धक्का लागला तर सॉरी, ऐकू आलं नाही तर सॉरी, कुणी वारलं तर सॉरी, वाट अडवली असेल तर सॉरी. पोरं खूश व्हायची. मला स्वतःला मात्र तो शब्द जिथं म्हणायचा होता, तिथं तीस वर्षांत एकदाही म्हणता आला नाही. सणावारी निपाणीला जायचो, आक्का पानावर बसवायची, निघताना हातात पिशवी द्यायची. मी पिशवी घ्यायचो. गाडीत वास येईल म्हणून तिला आणखी एका पिशवीत घालायचो.

फॉर्म सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निपाणीची गाडी धरली. वाटेत काकती लागलं. निवृत्त झाल्यावर हिरेमठ तिथं मुलाकडं राहतात, हे मला माहीत आहे. थांब्यावर दोघं उतरले, तिघं चढले. मी खिडकीतून बघत राहिलो. उतरलो नाही.

गल्लीत आता वखारी कमी झाल्या. एक पडून आहे, एकीत फर्निचरचं दुकान. वास पातळ झालाय, तरी कोपऱ्यावर मला शिंक आली. आमच्याच गल्लीत मला शिंक! म्हणजे मी पाहुणा झालो तर.

सोप्यात आक्का होती. चौसष्ट वर्षांची, चष्मा नाकावर, मांडीवर सूप. आता रोजच्या एक-दोनच जुड्या, हाताला सवय म्हणून. समोर ताराकाकूंची नात सानिका, दहावीची पुस्तकं पसरून. काकू जाऊन पाच वर्षं झाली. आक्का विडी वळत होती आणि सानिका तिच्यामागून म्हणत होती, राइट म्हणजे बरोबर, राइट म्हणजे उजवा, राइट म्हणजे हक्क. तोच सूर, दोरा तोडताना तोच थांबा. माझी वही अजून चालू होती आणि मला पत्ता नव्हता.

मला बघून आक्काचा चेहरा फुलला. सानिकाला म्हणाली, ऊठ, सरांना पाणी दे. मग मी बसतो न बसतो तोच तिनं पोरीला सांगायला सुरुवात केली. ते तिचं नेहमीचं असणार, कारण सानिका पुढचं वाक्य आधीच ओठात धरून होती. फारम भरायला उशीर करू नको गं. माझं काय झालं ठाऊक हाय न्हवं? या माझ्या भावानं चार हेलपाटे घातले माझ्यापायी, चार. त्या कानड्या क्लार्कनं घात केला. माझा भाऊ होता म्हणून तेवढं तरी पळाला, दुसऱ्या कुणी केलं नसतं.

तीस वर्षं ही गोष्ट गल्लीतल्या पोरींना सांगितली जात होती. मी तिच्यात देव होतो.

वाटलं, फॉर्म खिशातच राहू दे. चौसष्ट वर्षांच्या बाईजवळची एक चांगली गोष्ट कशाला हिसकावायची? ही सबबही सुचली मला, आणि सुचल्या क्षणी तिची किळस आली. मी फॉर्म काढला आणि सुपातल्या पानांवर ठेवला.

“आक्का, फॉर्म मी दिलाच न्हवता. कुणी अडवलं न्हाई. मला तुझी लाज वाटली. माझ्या शाळेत तू येऊन बसशील, याची लाज वाटली.”

सानिकानं पुस्तकात मान घातली. आक्कानं चष्मा वर केला, घडी उघडली. कितीतरी वेळ ती फोटो बघत होती. फोटोवरच्या गंजावरून तिनं अंगठा फिरवला. मग स्वतःच्या सहीवर बोट ठेवून एकेक अक्षर ओठांतल्या ओठांत वाचलं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. मी दोन्हीला तयार होतो. ती म्हणाली, “आणि त्यो क्लार्क?”

मी सांगितलं. खुर्ची, पाणी, पेन्सिलीच्या खुणा, तिनं त्या दिवशी बघितलं ते सगळं मनापासूनचं होतं, आणि वर तिला ठाऊक नसलेली थांबवलेली यादी.

“तीस वर्सं शिव्या दिल्या मी त्या माणसाला,” आक्का म्हणाली. “सनासुदीला, देवाच्या दारात उभं ऱ्हाऊन दिल्या. हयात हाय का त्यो?”

हाय म्हटलं. काकतीला असतात.

तिनं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडं न बघता ती सानिकाला म्हणाली, तुझ्या शाळेत बाहेरून बसणाऱ्यांचे फारम घेत्यात का विचार. वयाची काय आडकाठी हाय का तेबी विचार. पोरगी होय म्हणाली. मग आक्का माझ्याकडं वळली.

“फारम तू भर. अक्षर तुझं चांगलं हाय. पण नेऊन द्यायला मी जाणार.”

मी मान हलवली.

“आन उद्या मला काकतीला घिऊन चल. त्याच्या म्होरं जाऊन काय म्हणशील?”

खरं सांगतो, माझ्या तोंडात सॉरीच आलं होतं. ती ते ओळखून होती. विड्या वळताना तिनंच तर तो शब्द सगळ्या अर्थांसकट पाठ केला होता.

“इंग्रजी नको,” ती म्हणाली. “त्याच्या भाषेत म्हणायचं. ताकवालीनं शिकवलंतं मला. तप्पायितु. चूक झाली. त्याला दुसरा अर्थ न्हाई.”

“तप्पायितु,” मी म्हटलं. जीभ अडखळली. मधला एक आवाज मी गिळला.

आक्कानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, एक पान उचललं आणि त्यात तंबाखू भरला.

“पुन्हा म्हण,” ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.